पॉलीहाऊसचा क्लायमेट कंट्रोलर, दोन सीझन वापरून

दोन सीझन झाले बसवून, आता खात्रीने लिहितो. सगळ्यात आवडलं ते हे की हा नुसतं टेम्परेचर बघून फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी फवारणारे) सोडत नाही, ह्युमिडिटी पण धरून व्हीपीडी काढतो, म्हणजे हवा पानांतून किती पाणी ओढतेय ते, आणि ते ०.८ ते १.२ किलोपास्कलमध्ये ठेवायला बघतो. २५ डिग्रीला ७० टक्के ह्युमिडिटी असली की ०.९५ च्या आसपास येतं, मग फॉगर गप्प. आधी आम्ही हे अंदाजाने करायचो, पानं रात्रभर ओली राहायची आणि बोट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी, ठरलेला.

पण सेन्सर कुठे लावलाय त्यावर सगळं आहे हां! बसवणाऱ्यांनी आमचा थेट उन्हात टांगलेला, दुपारी रीडिंग चार डिग्री जास्त आणि पंखे उगाच धावतायत. पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, छोटा पंखा असलेल्या पांढऱ्या डब्यात घेतला तेव्हा कुठे आकडे जुळले. बॅटरी बॅकअप घेताना व्हेंटची (हवा खेळायच्या झडपेची) मोटरही त्यावर घ्या, नाहीतर लाइट गेली की कंट्रोलर चालू आणि आत भट्टी.

मॅन्युअल स्विच असलेलाच घ्या.