विंडोज सर्च : गळा आवळू नका, खुराक कमी करा

टास्क मॅनेजरच्या डिस्कच्या रकान्यात 'मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर' (शोध झटपट व्हावा म्हणून फाइली आणि मेलांची नोंदवही बनवणारा विंडोजचा भाग) वर चढून बसला, की बहुतेक दुरुस्तीवाले सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती सेवाच डिसेबल करतात. मशीन हलकं होतं खरं, पण मग आउटलुकमध्ये जुना मेल सापडता सापडत नाही आणि एक्सप्लोररमधली हिरवी पट्टी सरकता सरकत नाही. हा इलाज आम्हाला पटत नाही.

कारण इंडेक्सर मुळात इतका आडमुठा नाही. विंडोज १० च्या '२००४' या आवृत्तीपासून (हे साल नव्हे, ती २०२० मध्ये आली) सीपीयू ८० टक्क्यांच्या किंवा डिस्क ७० टक्क्यांच्या वर गेली, की तो आपणहून मागे सरतो. अडचण त्याच्या पोटाची आहे. साधारण वापरात ३० हजारांपेक्षा कमी नोंदी असतात. ४ लाखांच्या पुढे मशीन रखडू शकतं, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. आकडा पाहायला कंट्रोल पॅनलमधलं 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' उघडा. नोंदींची संख्या अगदी वरच दिसते. पीएसटीमधला (आउटलुकची मेल साठवणारी फाइल) प्रत्येक मेल ही वेगळी नोंद, हे लक्षात ठेवा. आकडा फुगण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं.

संख्या तासन् तास एकाच जागी अडकली असेल, तर 'रिसोर्स मॉनिटर'च्या डिस्क टॅबमध्ये सर्चइंडेक्सर आणि सर्चप्रोटोकॉलहोस्ट या दोन्हींवर टिक करा. फाइल उघडून वाचण्याचं काम दुसरा करतो, म्हणून पहिल्यावरच नजर ठेवली तर खरा गुन्हेगार निसटतो. खाली फाइलींचे पूर्ण पत्ते दिसतात. तेच तेच फोल्डर पुन्हा पुन्हा आलं, की चोर सापडला.

असे चोर ठरलेले असतात. यूझर्स फोल्डर मुळातच यादीत असतं आणि टॅलीप्राइमचा डेटा बहुधा त्यातल्याच 'पब्लिक'मध्ये राहतो. दिवसभर एंट्र्या चालल्या की फाइली बदलत राहतात आणि इंडेक्सरच्या रांगेत पुन्हा उभ्या राहतात. प्रोग्रॅमरांकडे नोड मॉड्यूल्सची (जावास्क्रिप्ट प्रकल्पांत हजारो छोट्या फाइली साठवणारी) फोल्डरं हाच घोळ घालतात. बॅकअपच्या प्रतींचंही तेच.

इलाज : 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'च्या 'मॉडिफाय'मध्ये जाऊन त्या फोल्डरांवरची टिक काढा. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधली कंटेंट इंडेक्सिंगची टिक काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ती खूण एकेका फाइलवर लावली जाते. जुन्या हार्ड डिस्कवर तेवढ्यातच तास जातो, वर 'अॅक्सेस डिनाइड'चे डबे. नंतर 'अॅडव्हान्स्ड'मधल्या 'फाइल टाइप्स'मध्ये ज्यांचा मजकूर शोधायचा नाही, ते प्रकार 'इंडेक्स प्रॉपर्टीज ओन्ली'वर (नाव, तारीख वगैरेच नोंदवा, मजकूर नको) टाका. स्कॅन करून ठेवलेल्या पीडीएफ नुसती चित्रं असतील, तर त्यांच्या पोटात वाचण्यासारखं फारसं काही नसतंच.

इथे मराठी कार्यालयांसाठी एक खास गोष्ट. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या वर्ड फाइलींत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. इंडेक्सर ती इमानेइतबारे वाचतो, साठवतो आणि तुम्ही युनिकोडमध्ये (आजच्या प्रमाण देवनागरी टायपिंगमध्ये) 'ठराव' शोधलात की हात वर करतो. अशा दहा-पंधरा वर्षांच्या फायलींचं फोल्डर वगळलं तर काहीच बिघडत नाही. फाइलनावं तेवढी नीट ठेवा.

यादी कापून झाल्यावरच त्याच 'अॅडव्हान्स्ड'मधलं 'रिबिल्ड' (जुनी नोंदवही पुसून नव्याने बनवणारं बटण) दाबा. आधी दाबलं तर तोच कचरा पुन्हा भरला जातो. लॅपटॉप चार्जरवर ठेवून रात्री लावा. पूर्ण होईपर्यंत शोध अर्धवटच येणार. फरक पाहायचा तर प्रोग्रामडेटामधल्या मायक्रोसॉफ्टच्या सर्च फोल्डरात डेटाबेस शोधा : विंडोज १० मध्ये विंडोज.ईडीबी, ११ मध्ये विंडोज.डीबी. 'साइझ' नव्हे, 'साइझ ऑन डिस्क' पाहा.

एवढं करून आमच्या लेखी विंडोज सर्चला पाचपैकी तीन. मजकूर आणि मेल शोधायला ठीक, फाइलनावं शोधायला मंद.

नावांसाठी व्हॉइडटूल्सचं 'एव्हरीथिंग' घ्या. फुकट आहे. ते फाइली उघडत बसत नाही. एनटीएफएसची (विंडोजच्या ड्राइव्हची नेहमीची फाइलव्यवस्था) मुख्य नोंदवही थेट वाचतं आणि पुढचे बदल ड्राइव्हच्याच बदल-नोंदीवरून, म्हणजे जर्नलवरून उचलतं, म्हणून दहा लाख फाइलींची यादी साधारण मिनिटभरात आणि ७५ एमबी रॅममध्ये बसते. नोंदवही वाचायला अॅडमिन हक्क लागतात, तेव्हा इन्स्टॉल करताना 'एव्हरीथिंग सर्व्हिस' निवडा. नेटवर्कवरची किंवा एक्सफॅट या वेगळ्या फाइलव्यवस्थेच्या पेनड्राइव्हवरची फोल्डरं हाताने जोडावी लागतात आणि ती ठरावीक वेळाने पुन्हा चाळली जातात, त्यामुळे तिथे ताजी फाइल लगेच दिसेलच असं नाही.

देवनागरी नावंही चालतात. फक्त 'शेतकऱ्यांची यादी' यातला 'ऱ्या' वेगवेगळ्या कीबोर्डांवर वेगळ्या कोडने उमटतो आणि दिसतो मात्र सारखाच. शोधताना 'शेतक' एवढंच टाइप करा.