लॉकिंग हबच्या नावाने ५५,७०० रुपयांना गंडलो: जुना फोर-व्हील ट्रॅक्टर असलेल्यांनी वाचा

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लपवायला काही उरणार नाही. पंचावन्न हजार सातशे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना लॉकिंग हब, म्हणजे चाक शाफ्टला हवं तेव्हा जोडायची-सोडवायची कळ, बसवून घ्यायला गेलो त्याचे. आगाऊ १५,०००, अ‍ॅडॅप्टरच्या लेथकामाचे ११,५००, हार्डनिंगचे ६,२०० आणि शेवटच्या दिवशी रोख २३,०००. ही शेवटची रक्कम मी स्वतः मोजून, वर चहा आणि खोबऱ्याची वडी देऊन हब बसवणाऱ्याच्या हातात ठेवली. बायको म्हणते, "अहो, लिहू नका, लोक हसतील." हसू देत. माझ्या शब्दावर आणखी एकाचे १५,००० गेले, ते पुढे सांगतोच.

ट्रॅक्टर आमचा फोर्डसन मेजर. वडिलांनी १९७९ साली एका खाणीच्या लिलावात घेतलेला. साधा मेजर नव्हे. इंग्लंडच्या रोडलेस कंपनीने १९५६ पासून या मेजरना पुढे महायुद्धातल्या जीएमसी लष्करी ट्रकचा एक्सल बसवून फोर-व्हील करायला घेतलं, त्यातला हा. गोव्यात डिचोली-सत्तरीच्या शिवेवर आमचं कुळागर (माडा-पोफळीची बाग) आहे, वर काजूची मोरड (डोंगरउतार), खाली व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, शेत. मोरडीवरून खाली यायची वाट म्हणजे नुसता जांभा. पहिल्या पावसात ती साबणासारखी होते. त्या वाटेवर या म्हाताऱ्या ट्रॅक्टरने एवढ्या वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता.

मग हब लावायची दुर्बुद्धी का झाली? सांगतो, कारण लोक हेच विचारतात आणि विचारताना गालातल्या गालात हसतात. फोर-व्हीलचा दांडा (लिव्हर) काढला, म्हणजे फोर-व्हील बंद केला, तरी पुढची चाकं आपल्याबरोबर शाफ्ट, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट असं सगळं लटांबर फुकट फिरवत राहतात. माझ्या डाव्या बाजूचा जॉइंट झिजलाय, वळताना कट्कट् वाजतो, आणि तो सुटा भाग आता मागायचा कुणाकडे? हब असला की डायल फिरवून चाक शाफ्टपासून तोडता येतं. डांबरी रस्त्यावर जॉइंटला विश्रांती, गरज पडली की परत जोड. जीपवाले हे कधीपासून करतायत, अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली लष्कराच्या जुन्या जीपांसाठी असले हब काढले तेव्हापासून. म्हणजे कल्पना खुळी नव्हती. मी खुळा नव्हतो. माणूस चुकीचा होता.

माणूस बेळगावकडचा. जुन्या जीपांची कामं करणारा म्हणून मोबाइलवर एका ओळखीच्याने नंबर पाठवलेला. जानेवारीत चोर्ला घाट उतरून आला, ट्रॅक्टरला हात लावला आणि नमस्कार केला. खरंच केला. वॉर्नची सगळी गोष्ट त्यानेच मला ऐकवली, साल-बिल सकट. म्हणाला, "दादा, असला मेजर मी फक्त फोटोत बघितलाय." मी विरघळलो. तुमच्या जुन्या गाडीची कुणी पोटभर स्तुती करायला लागला की खिशावर हात ठेवा.

तयार हब या एक्सलला बसत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. बोल्टांचं वर्तुळ वेगळं, शाफ्टच्या दात्यांची संख्या वेगळी, म्हणून मध्ये अ‍ॅडॅप्टर करावा लागेल. हे सगळं खरंच आहे. लबाडाचं नव्वद टक्के बोलणं खरंच असतं. पण दाते किती ते त्याने मोजलेच नाहीत! टोपी काढून आत एकदा बघितलं, मोबाइलवर फोटो काढला आणि झालं. जुन्या विलीज जीपच्या शाफ्टला १० दाते असतात, पुढच्या कितीतरी जीपांना २७. हा आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. जो माणूस बोट लावून दाते मोजत नाही, त्याला आगाऊ एक रुपया देऊ नका. मी ११ जानेवारीला १५,००० पाठवले. २९ जानेवारीला लेथचे ११,५००. १२ फेब्रुवारीला, "कच्चं लोखंड लावून कसं चालेल दादा, हार्डनिंग पाहिजेच की" असं म्हणून ६,२००. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं, आणि रक्कम अशी की आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस देतोच.

८ मार्चला तो हब घेऊन आला. दिसायला सुरेख, लाल डायल, त्यावर बाण. चाक शाफ्टला कायमचं जोडून ठेवणाऱ्या जुन्या फ्लँज काढल्या, नवे हब चढवले. आणि मग तो क्षण, जो मी अजून रात्री आठवत बसतो.

डावं चाक जॅकवर उचललेलं. डायल फ्रीवर. त्याने चाकाला नुसता हात लावला, चाक भिरभिरलं. "बघा की दादा, कसं पळतंय." पळत होतं. मग मी म्हटलं, आता लॉक करून दाखव. त्याने डायल फिरवली, कट् असा आवाज आला. चाक फिरवलं. तेवढंच हलकं. त्याच गतीने भिरभिरलं.

आमचा जुना ड्रायव्हर, सत्तरी ओलांडलेला, मांगराच्या (शेतघराच्या) पायरीवर बसून बघत होता. तो म्हणाला, "भाई, आतां चाक जड लागपाक जाय न्हू?" बरोबर! लॉक केल्यावर चाकाने सगळं लटांबर ओढायला हवं, हाताला ते वजन लागायलाच हवं. मला ते कळलं होतं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "नवं ग्रीस हाय दादा, बसायला जरा वेळ लागतोय." नव्या ग्रीसने चाक हलकं होतं? शेंबडं पोरसुद्धा हसेल. पण उन्हं उतरली होती, तो घड्याळाकडे बघत होता, घाट अंधाराच्या आत चढायचाय म्हणत होता, आणि मला वाटलं, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला किती उलटतपासणी करायची. भीड! भिडेपायी गेलो मी. म्हाताऱ्या ड्रायव्हरला मी वर गप्प केलं, "तुका कळना" म्हणून. त्याची मी नंतर माफी मागितली आहे.

आणि लोभ. तोही लिहितो. जुन्या फ्लँज त्याने मागितल्या. "तुम्हाला आता काय कामाच्या, भंगार हाय. ४,००० कमी करतो." बाकी २७,००० होते, ते २३,००० झाले. रोख दिले तर जीएसटी लागणार नाही, हेही ठरलं. भंगाराचे चार हजार मिळाले म्हणून मी त्या रात्री बायकोला टाळी दिली होती. त्या फ्लँजवर वडिलांनी छिन्नीने डावी-उजवीच्या खुणा केलेल्या होत्या.

जुना भाग कधीही देऊ नका. कुणालाही. कितीही गंजलेला असो.

मार्च ते मे मी खूश होतो, हे सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटते. कट्कट् बंद, स्टिअरिंग हलकं. होणारच, कारण पुढची चाकं कशालाच जोडलेली नव्हती! कोरड्या दिवसांत फोर-व्हील लागतो कुठे? दोघा ओळखीच्यांना मी आपणहून त्याचा नंबर दिला. त्यातल्या एकाने १५,००० पाठवले. आता तो लग्नकार्यात भेटला तरी बघत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेणखताची ट्रॉली घेऊन मोरडीवरून उतरत होतो. हब लॉक केलेले, दांडा टाकलेला. या मेजरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. फोर-व्हीलमध्ये असला की पुढची चाकंही गिअरमधून बांधलेली राहतात आणि उतारावर तीच धरून ठेवतात. त्या दिवशी ब्रेक दाबला, मागची चाकं घसरली, आणि पुढची गोट्यांसारखी मोकळी धावत सुटली. ट्रॉलीने मागून रेटलं. डाव्या हाताला पंधरा फूट खोल व्हाळ. मी उजवीकडे चिऱ्यांच्या गडग्यावर घातला म्हणून आज लिहितोय. मडगार्ड गेला, गुडघ्याला चार टाके, जेसीबीने ओढून काढायला ३,५०० वेगळे.

संध्याकाळी हब उघडला. खऱ्या हबमध्ये एक दातेरी कडी असते. डायल फिरवली की ती सरकते आणि बाहेरचा चाकाचा भाग व आतला शाफ्टचा भाग एकमेकांना जोडते. सगळा हब म्हणजे ती कडी. माझ्या हबमध्ये ती नव्हतीच. एक स्प्रिंग, कट् आवाजासाठी एक छर्रा, आणि बाकी ग्रीस. गच्च ग्रीस. अ‍ॅडॅप्टर बिडाचा ओतीव तुकडा, हार्डनिंगचं नावही नाही. आमच्या इथला लेथवाला म्हणाला, कडी असती तरी टिकली नसती. टनभर वजनाच्या जीपसाठी केलेला हब अडीच टनांच्या घरातल्या ट्रॅक्टरला पहिल्या गिअरमध्ये किती झेपणार? हे मला जानेवारीत कुणी सांगितलं असतं तर. पण विचारलं कुणाला होतं!

फोन केला. आधी "डायल नीट फिरवली नसेल". मग "ट्रॉली ओव्हरलोड होती". मग नंबर बंद.

ठाण्यात गेलो. तिथली कहाणी वेगळीच. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, बंदोबस्ताला निघालेले. तिसऱ्या दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाले, माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला. मी म्हटलं, माल नव्हे, ग्रीस मिळालं. तर म्हणे माणूस बेळगावचा, तक्रार तिकडे द्या. बेळगावला गेलो तर म्हणे पैसे गोव्यात दिले, तक्रार तिकडेच. चारशेवीसचं आता ३१८ झालं, नवी संहिता १ जुलै २०२४ पासून आली. कलम बदललं, टेबलामागचं उत्तर तेच. त्याने दिलेल्या पत्त्यावर कोंबडीचं दुकान होतं, तेही बंद. बँकेत गेलो, तिथली मुलगी म्हणाली, काका, पिन तुम्हीच घातलात ना. घातला. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तो पैसे गेल्यावर पाच महिन्यांनी, त्यात मोठा हिस्सा रोख. तिथे चूक माझी. ज्या घडीला संशय येईल त्या घडीला १९३० लावा, दुसऱ्या दिवशी नाही.

कहर आरटीओत झाला. मी मदत मागायला गेलेला, आणि मलाच विचारतात, गाडीत फेरफार केलात, परवानगी घेतली होती? कलम ५२ माहीत आहे? रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण कधीचं? मी फाईल उचलली आणि सरळ कँटीनमध्ये जाऊन बसलो.

ऑगस्टमध्ये एकाने फोटो पाठवला. जीएमसीच्या फ्लँज, जोडी, १६,००० रुपये. त्यावर छिन्नीच्या खुणा. वडिलांच्या. तो फोटो घेऊन परत ठाण्यात धावलो. शिपायाने मोबाइल हातात घेतला, मोठा करून बघितला, म्हणाला, "असं करा, तुम्ही ते विकत घ्या आणि पुरावा म्हणून जमा करा." तो थट्टा करत नव्हता.

आता ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, एवढं तरी बरं. पण समोरच्याचा पत्ता हवा, आणि बिल हवं. बिल नाही, कारण मी जीएसटी वाचवत होतो. यूपीआयच्या तीन पावत्या, मेसेज आणि उघडलेल्या हबचे फोटो जोडलेत. ज्यांना अजून हब लावायचाच आहे त्यांनी एवढं तरी करा: दोन्ही हब लॉक, दांडा काढलेला, एक चाक जॅकवर, आणि ते हाताने फिरवताना दुसऱ्या कुणाला खाली प्रॉपेलर शाफ्टकडे बघायला लावा. शाफ्ट फिरलाच पाहिजे. दोन्ही फ्री केल्यावर थांबलाच पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे. आणि शेवटचे पैसे चिखलात ओढून बघितल्यावर, आधी नाही, मग त्याला घाट चढायचा असो नाहीतर स्वर्ग.

लेथवाला म्हणतो, शाफ्ट नमुन्याला दिला तर स्लॉटिंग मशीनवर आतले दाते काढून नव्या फ्लँज करून देतो, जोडीचे १४,०००. आगाऊ किती, विचारलं. "कशाला, झाल्यावर द्या," म्हणाला. तरी शाफ्ट त्याच्याकडे सोडून यायला माझा हात उठला नाही. म्हाताऱ्या ड्रायव्हरला दिवसभर तिथे स्टुलावर बसवून ठेवला.