तीन चाकांचा बॉल काउंटर: घ्या, पण त्याच्याकडे बघू नका

क्लब क्रिकेटमधलं ऑफस्पिन बंद करून अंपायरिंग धरलं तेव्हापासून हा प्लॅस्टिकचा काउंटर माझ्या डाव्या मुठीत असतो. एक चाक बॉलचं, एक ओव्हरचं, एक विकेटचं. वस्तू कामाची आहे, पण कंपनीने अर्धंच डोकं लावून बनवलीय.

आधी चांगलं सांगतो. बॉलचं चाक एक घर सरकलं की अंगठ्याला ‘टक्’ असं स्पष्ट लागतं. सगळा पैसा या ‘टक्’चा. बॉल डेड व्हायच्या, म्हणजे त्या बॉलवरचा खेळ थांबायच्या आधी अंपायरची मान मुठीकडे वळली तर क्रीज बघायची कुणी, रन मोजायचे कुणी?

आता तक्रार. ओव्हरचं चाक बॉलच्या चाकाला इतकं चिकटवलंय की घामट अंगठ्याने दोन्ही एकदम फिरतात. चौथी ओव्हर चालू असताना काउंटर पाचवी दाखवतो. मधे थोडी फट ठेवायला काय जात होतं? मी ओव्हरचा हिशेब सरळ खिशातल्या नाण्यांवर ठेवतो, या खिशातून त्या खिशात. ते चाक शोभेचं.

वाइड किंवा नो-बॉलला चाक हलवायचं नाही, हे जुन्या बॉलरला जास्त जड जातं. त्याच्या अंगाने प्रत्येक बॉल मोजलेला असतो, वाइडसकट! आणि अंपायरची मोजणी चुकलीच, तर नियम १७.५ प्रमाणे त्याने मोजलेली ओव्हर तशीच ग्राह्य धरली जाते. पाच बॉलची असो नाहीतर सातची. बॉलर असताना हा नियम मला ठाऊकसुद्धा नव्हता.

काउंटरची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे, आणि त्यासाठी कुमार धर्मसेनाचं नाव घ्यावंच लागेल. श्रीलंकेचा ऑफस्पिनर, ३१ टेस्ट, १४१ वनडे. १९९६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये खेळला आणि २०१५ च्या फायनलला अंपायर म्हणून उभा राहिला. दोन्ही करणारा तो पहिलाच. मग आली २०१९ ची लॉर्ड्सची फायनल. शेवटची ओव्हर, चौथा बॉल. न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो डाइव्ह मारणाऱ्या इंग्लंडच्या स्टोक्सच्या बॅटला लागून बाउंड्रीपार. धर्मसेनाने सहा रन दिले, पळून दोन आणि बाउंड्रीचे चार. नियम १९.८ सांगतो की चालू रन धरायचा तर थ्रो सुटतानाच बॅट्समननी एकमेकांना ओलांडलेलं हवं. स्टोक्स आणि त्याचा जोडीदार रशीद यांनी दुसऱ्या रनला तोवर ओलांडलं नव्हतं. म्हणजे पाच रन, आणि पुढच्या बॉलला स्ट्राइकवर रशीद. रिप्ले बघितल्यावर निर्णय चुकल्याचं धर्मसेनाने नंतर कबूलही केलं.

त्या बॉलचा आकडा काउंटरवर बरोबरच असणार. पण थ्रो बाउंड्रीजवळून सुटतो आणि बॅट्समन पिचवर पळत असतात. एका जोडी डोळ्यांनी दोन्ही कसं धरायचं? टीव्हीसमोर बसून हसणाऱ्यांनी एकदा उन्हात पन्नास ओव्हर उभं राहून बघावं. सांगायचा मुद्दा, मुठीतल्या यंत्राने मोजणी सांभाळायची ती नजर अशा वेळेसाठी मोकळी राहावी म्हणून. जो काउंटर स्वतःकडे बघायला लावतो, तो फुकट मिळाला तरी नको.

ऑफस्पिनर या कामात टिकतात, असं माझं आपलं मत (पक्षपाती आहे, चालायचंच). आपले वेंकटराघवन बघा. टेस्ट खेळले ५७ आणि अंपायर म्हणून उभे राहिले ७३ टेस्टना! दोन वर्ल्ड कपमध्ये भारताचे कॅप्टन होते, तरी टेस्टच्या मैदानावर खेळाडूपेक्षा अंपायर म्हणून जास्त वेळा उतरले.

घेताना डोळे मिटून बॉलचं चाक सहा घरं फिरवा. एकही ‘टक्’ निसटला तर दुसरा नग मागा. आकडे रंगवलेले नकोत, कोरलेलेच घ्या. घामाने रंग उडतो. विकेटच्या चाकाचं फारसं मनावर घेऊ नका, किती गेल्या ते बॉलिंग टीमच ओरडून सांगत असते.