संथ वाढीच्या कोंबडीचे मांस: वेष्टनावर काय आहे, काय नाही
कोंबड्यांचे जगणे सुसह्य केल्याचा दावा करणारे हे पाकीटबंद मांस मी तीन महिने घेत आहे. नेहमीची ब्रॉयलर जात साधारण 35 ते 42 दिवसांत विक्रीला तयार होते. छातीचे मांस इतक्या झपाट्याने वाढते की पाय आणि हृदय यांना तो भार पेलत नाही, आणि अनेक पक्षी लंगडत, ओल्या तुसावर नुसते बसून राहतात. या उत्पादकाने संथ वाढीची जात निवडली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ही जन्मजात पीडा इतर सोयींनी भरून निघत नाही. वेष्टनावर प्रति चौरस मीटर जागेत पक्ष्यांच्या एकूण वजनाची 30 किलोंची मर्यादा, 50 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश आणि बसायला दांड्या यांचा उल्लेख आहे. युरोपीय संघाचा 2007 चा निर्देश काही अटींवर 42 किलोंपर्यंत मुभा देतो, तेव्हा हा फरक किरकोळ नव्हे. मांस घट्ट असून शिजायला थोडा अधिक वेळ लागतो (मला ते आवडले). मात्र कत्तलीपूर्वी पक्ष्यांना बेशुद्ध कसे करतात याबद्दल अवाक्षरही नाही, आणि तपासणी कोण करते या प्रश्नाला जाहिरातीतलाच मजकूर उत्तर म्हणून आला. हिरव्या कुरणाचे चित्र तर काढूनच टाकावे. हे पक्षी शेडमध्येच वाढतात.