रोलँड एसपी-४०४ एमके-टू: काही महिने वापरल्यावर कळलं, गोम रिसॅम्पलच्या बटणात आहे

घरी येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "ऑक्टोपॅड घेतलास का?" नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत जो ऑक्टोपॅड असतो, तो स्टँडवर लावून काठ्यांनी वाजवतात. गावोगाव दिसणाऱ्या एसपीडी-२० मध्ये तर आवाजही कंपनीनेच भरून दिलेले असतात. एसपी-४०४ एमके-टू त्याच कंपनीचं आहे, पण घराणं वेगळं. हा सॅम्पलर आहे, म्हणजे कुठलाही आवाज रेकॉर्ड करून रबरी चौकोनी बटणांवर (पॅडवर) वाजवायचं यंत्र. हे टेबलावर किंवा मांडीवर घेऊन बोटांनी वाजवायचं आणि त्यात आवाज भरायचे ते आपण. सोबत नमुन्याचे काही आवाज येतात. ते थोडे दिवस ऐकले आणि पुसून टाकले.

याआधी मी एफएल स्टुडिओ या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरवर बीट (गाण्याखालचा ताल-सुराचा साचा) करायचो, आणि शेवटची मांडणी आजही तिथेच करतो. पण ऑफिसात दिवसभर एक्सेल आणि रात्री घरी येऊन पुन्हा माऊस, याचा वीट आला होता. अकाई कंपनीच्या एमपीसी वन या सॅम्पलरचाही विचार केला होता. ते यंत्र जास्त सक्षम आहे यात वाद नाही. टच स्क्रीन आहे, ट्रॅक आहेत, अख्खं गाणं त्यातच बांधून बाहेर काढता येतं. नेमकं त्याच कारणाने घेतलं नाही, मला घरात दुसरा कॉम्प्युटर नको होता. किमतीचं म्हणाल तर अमेरिकेत एसपी-४०४ एमके-टू ४९९ डॉलरच्या आसपास बाजारात आलं. आपल्याकडे कर वगैरे धरून त्याहून महागच पडतं, आणि दुकानादुकानात फरक असतो. चार ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

इतिहास थोडक्यात. २००१ मध्ये रोलँडच्याच बॉस या नावाखाली एसपी-३०३ आलं, २००५ मध्ये पहिलं एसपी-४०४, आणि हे एमके-टू २०२१ मध्ये. पहिलं ४०४ गाजवलं ते मुख्यतः लॉस एंजेलिसच्या बीटवाल्यांनी. तिथे 'लो एंड थिअरी' नावाची दर आठवड्याची रात्र २००६ ते २०१८ चालली. लोक हे खोकं घेऊन स्टेजवर उभे राहायचे आणि इफेक्टची (आवाजाचं रूप बदलणारी) बटणंच वाद्यासारखी वाजवायचे. चाहते ४ एप्रिलला '४०४ डे' साजरा करतात ते वेगळंच. हे माहीत असलं की यंत्राच्या बऱ्याच विचित्र सवयींचा उलगडा होतो. निवांत बसून गाणं रचणाऱ्यापेक्षा उभ्याने वाजवणाऱ्याच्या सोयीचं ते बनलेलं आहे.

कागदावरची माहिती पटकन उरकतो. वजन साधारण १.१ किलो. १६ पॅड आणि १० बँका (पॅडांचे संच), म्हणजे एका प्रोजेक्टमध्ये १६० आवाज; असे १६ प्रोजेक्ट. आतली साठवण १६ जीबी. एका वेळी ३२ आवाज वाजू शकतात. रेकॉर्डिंग १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. छोटासा ओएलईडी पडदा आहे आणि त्यावर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) दिसते. जुन्या ४०४ वर ही चैन नव्हती. सहा पेन्सिल सेलवर चालतं, पण सेल फार टिकत नाहीत. मी यूएसबी-सीने चांगली पॉवर बँक लावतो.

सुरुवातीचे दिवस शिफ्टच्या बटणाने खाल्ले. बहुतेक पॅडांना आणि बटणांना शिफ्टसोबत दुसरं काम आहे, आणि ते इतक्या बारीक अक्षरात छापलंय की रात्री मंद दिव्यात वाचायचं विसरा. पॅडच्या रंगांचाही आधी काही बोध होत नाही. यावर माझा उपाय असा: दर आठवड्याला दोनच गोष्टी शिकायच्या आणि बाकी यंत्राकडे काणाडोळा करायचा. आधी फक्त रेकॉर्ड आणि स्टार्ट-एंड (आवाज कुठून कुठवर वाजवायचा ते). मग पिच (आवाजाची पट्टी) आणि गेट (बोट उचललं की आवाज थांबवणारं बटण). पॅटर्नला, म्हणजे वाजवलेला ठेका यंत्रात भरून ठेवण्याला, तर मी बऱ्याच उशिरा हात लावला, आणि तो उशीर फायद्याचाच ठरला, कारण तोवर बोटं बसली होती. सगळं मॅन्युअल आधी वाचून मग सुरू करणाऱ्यांचा मला आदर आहे. माझ्याच्याने ते झालं नसतं.

आता मुख्य मुद्दा. कॉम्प्युटरवरून आलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो हा, की प्रत्येक पॅडला स्वतःचा इफेक्ट लावता येत नाही. चार बस आहेत, म्हणजे आवाज इफेक्टमधून न्यायच्या चार वाटा. पॅडचा आवाज पहिल्या किंवा दुसऱ्या बसवर पाठवायचा, नाहीतर कोराच ठेवायचा. तिसरी आणि चौथी बस सगळ्याच्या शेवटी, म्हणजे एकूण आवाजावर. एका बसवर एका वेळी एकच इफेक्ट. मग ढोलकीला फिल्टर, पेटीला डिले (प्रतिध्वनीसारखा) आणि किकला डिस्टॉर्शन हवं असेल तर? पहिल्या दोन बसमध्ये भागत नाही. बरेच जण इथेच वैतागतात आणि यंत्र विकायला काढतात.

यावरचा उतारा रिसॅम्पल. पॅड वाजवायचा, इफेक्ट मनासारखा फिरवायचा, रिसॅम्पल दाबून रिकामा पॅड निवडायचा आणि रेकॉर्ड करायचं. कानाला जे ऐकू येतंय ते इफेक्टसकट नव्या पॅडवर उतरतं, आणि बस पुन्हा मोकळी होते.

एक उदाहरण. आईच्या पेटीवरची एक छोटी सुरावट मी फोनवर रेकॉर्ड केली आणि तारेने लाइन-इनमधून आत घेतली. पिच खाली आणला तर भात्याचा श्वासही जड झाला. त्यावर ३०३ व्हिनाइल सिम लावला. जुन्या एसपी-३०३ मधला हा इफेक्ट इथे मुद्दाम ठेवलाय. आवाज थोडा दाबून, चेपून, धुरकट करतो. रिसॅम्पल. मग नवा पॅड उलटा फिरवला, डिले दिला, पुन्हा रिसॅम्पल. आता तिसरा पॅड ऐकला तर पेटी ओळखू येत नव्हती. वरच्या पट्टीतला करकरीतपणा गेला, खालून खरखर चढली, आणि सूर कुठून सुरू होतो तेच कळेना. पूर्वी कॅसेटवरून कॅसेट भरताना दर कॉपीला आवाज असाच उतरायचा. तेव्हा चरफडायचो, इथे ते मुद्दाम करतो. मूळ पॅड पुसला जात नाही, परतीची वाट असते. पण खरं सांगतो, मी परत जातच नाही. एफएलमध्ये डिलेचं प्रमाण आठ दिवस चाळवत बसायचो. इथे ते एकदा पॅडवर उतरलं की हात पुढच्या कामाला लागतो.

याच्याच जोडीचं स्किप-बॅक. तुम्ही नुसते खेळत असता, रेकॉर्ड चालू नसतं, आणि काहीतरी भन्नाट वाजून जातं. एक बटण दाबलं की मागचे २५ सेकंद हजर. माझ्या चांगल्या लूपांपैकी निम्मे तरी असेच हाती लागलेत. रेकॉर्डचा लाल दिवा लागला की माझी बोटं आखडतात, त्यावर हे औषध आहे.

ढोलकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या तालवाद्यांवर हे यंत्र कसं चालतं हे मला घेण्याआधी कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. आमच्या सोसायटीतले एक काका पूर्वी तमाशाच्या फडावर ढोलकी वाजवायचे. त्यांना घरी बोलावून साधा डायनॅमिक माइक थेट माइकच्या जॅकला लावला. (कंडेन्सर माइक असेल तर त्याला लागणारी फँटम पॉवर या यंत्रात नाही, मध्ये मिक्सर किंवा प्रीअँप लागेल.) काकांनी सहा मात्रांचा लावणीचा ठेका धरला आणि मी तो अख्खा एका पॅडवर घेतला.

चॉपमध्ये यंत्र ठोके आपोआप ओळखून तुकडे पाडू शकतं. शाईकडच्या कडक बोलांवर ते छान चालतं. घुमाऱ्यावर फसतं. धुमेचा, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूचा, तो घसरत वर जाणारा आवाज एकसलग असतो, त्याला ठळक सुरुवात नसते, त्यामुळे तुकडा भलत्याच जागी पडतो आणि पॅड दाबला की घुमारा मधूनच उगवतो. तिथे ठेका चालू ठेवून कानाने खुणा करायच्या. दुसरं गेटचं. गेट चालू असेल तर बोट उचलताच आवाज थांबतो, म्हणजे घुमाऱ्याचा गळाच दाबला जातो. गेट बंद ठेवला की तो पुरता वाजतो, पण मग पुढच्या थापेवर चढतो आणि चिखल होतो. सगळे ढोलकीचे पॅड एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाकले तेव्हा जमलं: पुढचा बोल आला की आधीचा आपोआप तुटतो, हातावर होतं तसंच.

मग मी पॅटर्न वाजवून भरला, क्वांटाइझ (ठोके मोजलेल्या जागी ओढणारी सोय) पूर्ण जोरावर ठेवून काकांना ऐकवला. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हात माझाच आहे रे, पण चाल माझी नाही."

"काका, हे सगळे ठोके मोजून जागेवर बसवतं."

"कोणाच्या जागेवर?"

ठोके ज्या सोळा खान्यांवर बसतात त्या जाळीवर सहाचा ठेका बसवला की तो लंगडणारच. जाळी ट्रिपलेटची (तीन-तीनच्या भागांची) केली, क्वांटाइझचा जोर निम्म्यावर आणला, आणि शेवटी क्वांटाइझ काढून पुन्हा वाजवला. तेव्हा काका मान डोलवत म्हणाले, "आता जरा मागे राहतोय. राहू दे तसाच." माझ्या मते ४०४ चा सीक्वेन्सर (पॅटर्न भरायचा भाग) आपल्या ठेक्यांसाठी असाच वापरावा. मेट्रोनोम सुरू, क्वांटाइझ बंद, आणि चुकलं तर पुन्हा वाजवायचं. पडद्यावर एकेक ठोका सरकवता येतो खरा, पण जीव जातो. पुढच्या मोफत अपडेटमध्ये टीआर-रेक नावाची, एकेका खान्यात ठोका भरायची पद्धत आली. हाउस, टेक्नोवाल्यांना ती आवडेल. मी ती हायहॅटपुरती वापरतो.

इफेक्टांची संख्या भरपूर आहे, कामाला येतात मोजकेच. आयसोलेटर सगळ्यात जास्त वापरला जातो: खालचा, मधला, वरचा असे तीन पट्टे तीन नॉबवर. वाजवताना खालचा पट्टा काढून घ्यायचा आणि चार मात्रांनी सोडायचा, एवढ्यावर गणपतीच्या आवारातली पोरं खूश झाली. डीजेएफएक्स लूपरने चालू आवाजाचा चिमूटभर तुकडा पकडून घुमवत ठेवता येतो. कॅसेट सिम सुरुवातीला मी प्रत्येक गोष्टीवर थापायचो, तो उत्साह आता ओसरलाय. पॅड जरा टणक आहेत आणि एमपीसीपेक्षा लहान. हळू-जोरात वाजवलेलं ओळखतात, पण नाजूक वाजवायचं तर सराव लागतो.

उणिवाही सांगायला हव्यात. सलग गाणं रचायची नीट सोय नाही. पॅटर्न एकामागून एक जोडता येतात, इतकंच. बाहेर एकच स्टीरिओ जोडी निघते, त्यामुळे किक आणि ढोलकी मिक्सरवर वेगवेगळी द्यायची असेल तर विसरा. फायलींना नावं देणं वैतागवाणं आहे, त्यासाठी कॉम्प्युटरवरचं मोफत ॲप वापरा. आणि १६० पॅडांत कुठे काय ठेवलं ते लक्षात ठेवायला माझ्याकडे अजूनही एक वही आहे.

चोरबाजारातून जुन्या तबकड्या आणून सॅम्पल करायचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. घरी खुशाल खेळा. पण बाहेर टाकायचं तर कायदा बघा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. ती मुदत संपली तरी गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी चाल मोकळी असेलच असं नाही. मी बाहेर देतो त्या बीटमध्ये फक्त स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज असतात. काकांना त्यांचा हिस्सा आधीच सांगून ठेवलाय, आजवर तो मिसळपावाच्या रूपाने चुकता होतोय.

घ्यावं का? पूर्ण गाणी एकाच यंत्रात बांधायची असतील तर एमपीसी बघा. रॅपसाठी झटपट बीट हवे असतील तर लॅपटॉपच बरा. आणि सॅम्पलिंग आपल्याला मानवतं का हेच माहीत नसेल तर आधी फोनवर कोआला सॅम्पलर हे ॲप घ्या. यंत्राच्या तुलनेत ते फुकटात पडल्यासारखं आहे, आणि त्यातलं काम पुढे ४०४ मध्ये आणायची सोयही आता झालीये. महिनाभर कोआलावर रमलात तर मग इकडे या.

वापरलेलं घेत असाल तर भेटूनच घ्या, आणि हेडफोन बरोबर न्या. सोळाही पॅड हळू आणि जोरात वाजवून बघा. नॉब फिरवताना पडद्यावरचा आकडा उड्या मारत नाही ना ते पाहा. दोन्ही हेडफोन जॅक, माइकचा जॅक आणि एसडी कार्डची खाच तपासा. व्हर्जन जुनं असेल तर काळजी नको, अपडेट फुकट आहे. अ‍ॅडॅप्टर मूळचाच आहे का ते मात्र विचारा.