रणगाड्याला जुनेपण देणाऱ्या दोन वस्तू : टामियाची पॅनेल लाइन आणि वेदरिंग मास्टर

टामिया या जपानी कंपनीचे, टी-55ए या सोव्हिएत रणगाड्याच्या 1/35 प्रमाणातील प्लास्टिक मॉडेलचे किट जोडणे फारसे अवघड नाही. भाग एकमेकांत नीट बसतात आणि सूचनापत्रकही स्पष्ट आहे. खरी कसोटी त्यानंतर लागते. हिरवा रंग देऊन संपवलेला रणगाडा कितीही सफाईने जोडलेला असला तरी तो खेळण्यासारखाच दिसतो, कारण ज्या यंत्राने शेताबांधांतून मैलोन्‌मैल अंतर कापले आहे, ज्याच्यावर दिवसभर बूट चढत-उतरत राहिले आहेत, त्याच्या अंगावर या कशाचीही खूण दिसत नाही. ही खूण उमटवण्यासाठी आज बाजारात इतक्या बाटल्या, डब्या आणि संच मिळतात की नवख्या माणसाचा किटपेक्षा जास्त खर्च त्यांच्यावरच होतो. त्यांपैकी टामियाच्या दोन वस्तूंचे, म्हणजे पॅनेल लाइन ॲक्सेंट कलर आणि वेदरिंग मास्टर यांचे, हे परीक्षण आहे. पहिली वस्तू प्रत्येकाने घ्यावी, दुसरी विचार करून घ्यावी, आणि गंज व चिखल यांसाठी तयार बाटल्यांवर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

मूळ रंगाविषयी थोडक्यात सांगतो. मी टामियाचाच एक्सएफ-58 ऑलिव्ह ग्रीन एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) मारला आणि वरच्या, आडव्या भागांसाठी त्यात डार्क यलो मिसळून तो उजळ केला. हिरवा उजळण्यासाठी पांढरा मिसळला तर रंग खडूसारखा फिकट दिसतो. पिवळट छटा मिसळली तर उन्हात विटलेल्या रंगाचा भास होतो. मूळ छटा डोळ्यांना योग्य वाटते त्याहून थोडी उजळच ठेवावी, कारण पुढचा प्रत्येक थर तिला गडद करत जातो. एअरब्रश नसलेल्यांनी मात्र टामियाच्या ॲक्रिलिकच्या नादी लागू नये. ब्रशने दुसरा हात देताना खालचा थर उचलला जातो. त्यापेक्षा व्हॅलेहोचे पाण्याचे रंग ब्रशने कितीतरी सरळ बसतात.

आता पॅनेल लाइनकडे वळू. हा मुळात आधीच पातळ केलेला एनॅमल रंग, म्हणजे वॉश, आहे, 40 मिलिलिटरच्या चौकोनी बाटलीत येतो आणि झाकणालाच बारीक ब्रश जोडलेला असतो. ब्रशचे टोक पत्र्याच्या सांध्याला, बोल्टच्या मुळाला किंवा हॅचच्या (वरच्या झाकणाच्या) कडेला टेकवले की रंग खाचेतून आपोआप धावत जातो. हे पाहण्यात खरोखर मजा आहे आणि त्यामुळेच हात आवरत नाही. पृष्ठभाग तुकतुकीत असेल तरच ही धाव नीट होते. एक्सएफ मालिकेचा मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खरबरीत असल्याने त्यावर हाच वॉश शाई फुटावी तसा पसरतो आणि वाळल्यावर कडेला डागाची रेघ उरते. म्हणून मधे एक्स-22 क्लिअरचा एक हात देणे आवश्यक आहे. मूळ रंग ॲक्रिलिक आणि वरचा वॉश एनॅमल असल्यामुळे एनॅमल थिनरने वॉश पुसताना खालचा हिरवा हलत नाही, आणि या उत्पादनाची सगळी सोय या एका गोष्टीवर उभी आहे.

झाकणाच्या ब्रशविषयी मात्र माझी तक्रार आहे. विमानांच्या सरळ, लांब रेषांसाठी तो उत्तम असेल. रणगाड्यावर, जिथे एकेका बोल्टभोवती ठिपका ठेवायचा असतो, तिथे तो गरजेपेक्षा जास्त रंग सोडतो. बाटली चांगली हलवून थोडा वॉश एखाद्या झाकणात काढून घ्यावा आणि आपल्याजवळच्या तीन शून्याच्या ब्रशने लावावा. छटांपैकी काळी हिरव्या रणगाड्यासाठी टाळावी, कारण ती नकाशावर शाईने काढलेल्या रेषेसारखी उठून दिसते. डार्क ब्राउन छटा हिरव्यावर सावलीही दाखवते आणि साचलेला मळही.

या बाटलीचा दुसरा उपयोग तिच्या वेष्टनावर लिहिलेला नाही, पण मला तोच अधिक मोलाचा वाटतो. वॉश अर्धवट वाळला की चपट्या ब्रशला थिनरचा नुसता ओलावा द्यायचा, तो कागदावर टिपून घ्यायचा आणि उभ्या पृष्ठभागावर वरून खाली, एकाच दिशेने फिरवायचा. खाचेबाहेर सांडलेला रंग पुसला जाण्याऐवजी ओघळ बनतो. टरेटच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या, हाताने धरायच्या कड्यांखाली, अवजारांच्या पेट्यांच्या कोपऱ्यांखाली आणि उजव्या फेंडरवरच्या (पट्ट्यांवरील पत्र्यावरच्या) चपट्या इंधनटाक्यांच्या झाकणांखाली असे ओघळ काढले की स्वतंत्र स्ट्रीकिंगची बाटली घेण्याचे कारण उरत नाही. टाकीच्या झाकणाजवळ मात्र थोडा बर्न्ट अंबर तैलरंग लावावा आणि तो वाळल्यावर त्यावर एक्स-22चा एखादा थेंब द्यावा. सांडलेले डिझेल धूळ ओढून घेते आणि गडद, किंचित चमकते राहते. बाकीचा रणगाडा मॅट असल्यामुळे ही चमक लगेच डोळ्यांत भरते.

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. एनॅमल थिनर रंग न दिलेल्या प्लास्टिकमध्ये, विशेषतः ताणाखाली बसवलेल्या भागांमध्ये, झिरपून त्याला तडा घालू शकते. रणगाड्यावर हा धोका चाकांच्या आसांना आणि बारीक कड्यांना असतो. तिथे वॉश ओतायचा नाही, ठिपक्यानेच द्यायचा, आणि भागांच्या मागच्या बाजूलाही प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) चुकवायचा नाही.

गंजाकडे वळण्यापूर्वी पोलादाविषयी दोन शब्द, कारण कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट पुस्तकात शोधावी लागत नाही. टी-55चे टरेट ओतीव पोलादाचे आहे, आणि ओतकामाचा पृष्ठभाग कसा दिसतो हे शिवाजी उद्यमनगरातून किंवा शिरोली एमआयडीसीतून चालत गेलेल्या कोणालाही ठाऊक असते : वाळूच्या साच्याने सोडलेली बारीक रवाळ कातडी आणि मधेच एखादी घासून काढल्याची सपाट पट्टी. किटच्या टरेटवरचा हा पोत मला जरा सौम्य वाटला; जुन्या राठ ब्रशने दाट प्रायमर टोचत गेल्यावर तो जिवंत झाला. फौंड्रीच्या आवारात पावसात पडलेल्या कास्टिंगचा गंज केशरी असतो खरा, पण तो रंग न दिलेल्या, पडून राहिलेल्या लोखंडाचा. रोज वापरातल्या, रंगवलेल्या रणगाड्याच्या ओरखड्यांत गंज दिसतो तो काळपट तपकिरी, आणि तोही मोजक्या जागी. हॅचच्या कडा, फेंडरचे पुढचे कोपरे, चालक चढताना पाय ठेवतो ती जागा, एवढ्यापुरताच तो ठेवावा. स्पंजचा फाटका तुकडा गडद तपकिरीत बुडवून, बराचसा रंग कागदावर टिपून हलकेच टेकवला की अनियमित ओरखडे मिळतात. संपूर्ण रणगाड्यावर केशरी ठिपके उधळणारी मॉडेले पाहिली की बनवणाऱ्याने भंगारबाजार पाहिला आहे, रणगाडा पाहिलेला नाही, असे वाटते.

अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय 1994 पासून आहे आणि कोल्हापूरहून तेथे जाणे या छंदातल्या प्रत्येकासाठी सार्थकी लागते. पण तिथले रणगाडे आकार समजून घेण्यासाठी पाहावेत, रंग समजून घेण्यासाठी नव्हे. प्रदर्शनातल्या वाहनांवर वेळोवेळी ताजा रंग चढवला जातो आणि त्या थराखाली सेवेतल्या खुणा बुजतात. वेदरिंगचा, म्हणजे जुनेपणाच्या खुणांचा, अभ्यास ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर किंवा खोदकामाच्या पोकलेनवर जास्त चांगला होतो. पोकलेनला तर रणगाड्यासारखे पट्टेही असतात : साखळीचा जो भाग जमिनीवर आणि चाकांखाली घासला जातो तो चकाकतो, बाकीचा मातकट तपकिरी राहतो. ही चकाकी आणण्यासाठी धातूच्या रंगाची गरज नाही. सहा बी पेन्सिलीचे शिसे पट्ट्यांच्या उंचवट्यांवर आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे पट्टे फिरवणाऱ्या चाकाच्या, दातांवर घासले की काम होते.

वेदरिंग मास्टर ही दुसरी वस्तू म्हणजे हुबेहूब मेकअपची डबी : तीन छटांच्या वड्या, सोबत एका टोकाला स्पंज आणि दुसऱ्या टोकाला ब्रश असलेली काडी. ए संचात सँड, लाइट सँड आणि मड. बी संचात स्नो, सूट आणि रस्ट. सी संचात ऑरेंज रस्ट, गन मेटल आणि सिल्व्हर अशा छटा येतात. वड्या पूर्ण कोरड्या नसून किंचित मेणचट आहेत, त्यामुळे सुट्या पिगमेंटसारखी भुकटी टेबलभर उडत नाही. बी संचातील सूट म्हणजे काजळीसाठी मी हे उत्पादन मनापासून सुचवेन. टी-55चा एक्झॉस्ट डाव्या फेंडरवर बाहेर पडतो, शिवाय तापलेल्या एक्झॉस्टमध्ये डिझेल सोडून धुराचा पडदा तयार करण्याची सोय या रणगाड्यात आहे; म्हणून त्याच्या डाव्या बाजूची काजळी भुरभुरीत नसते, तेलकट असते. मेणचट वडीचा दोष मानला जाणारा गुण इथे नेमका उपयोगी पडतो. स्पंजने काजळी फेंडरवर मागच्या दिशेने ओढत न्यायची आणि मधोमध पॅनेल लाइनचा एक ओला ठिपका ठेवायचा. तेलकटपणा दिसू लागतो. तोफेच्या तोंडाशी मात्र हीच काजळी नाममात्र ठेवावी.

या डबीच्या मर्यादाही कमी नाहीत. तुकतुकीत पृष्ठभागावर वडी धरत नाही, मॅट क्लिअर आधी मारावाच लागतो. आणि नंतर पुन्हा व्हार्निश मारले तर निम्मा परिणाम नाहीसा होतो. व्हार्निश न मारावे तर मॉडेल हाताळताना बोटांना लागते. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत बोटांना घाम असतो, तेव्हा तर विचारूच नका. सोबतचा स्पंज चाकांच्या खोबणीत शिरत नाही. रस्टची छटा वर सांगितलेल्या कारणाने माझ्या फारशी उपयोगी पडली नाही, आणि स्नोचे आपल्याकडे काय करायचे हा प्रश्न आहेच, जरी कडा उजळण्यासाठी ती थोडी वापरता येते. थोडक्यात, तीन छटांपैकी एका छटेसाठी संपूर्ण डबी घ्यावी लागते.

ए संचातील मड ही छटा नावापुरतीच चिखल आहे. चिखलाला जाडी असते आणि या वडीला ती नाही. धुळीचा पातळ थर तिने छान येतो, त्याच्या पुढे ती जात नाही. खऱ्या चिखलासाठी पिगमेंट आणि थोडे प्लास्टर किंवा ॲक्रिलिक मिडियम एकत्र करून चाकांच्या मागे आणि हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, खालच्या भागावर टोचून लावावे. आधी वाळलेला फिकट थर, नंतर त्याच्यावर ओला गडद थर, असा क्रम ठेवावा. पंचगंगेकाठच्या रानातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकावर हाच क्रम दिसतो, कालचा चिखल राखाडी आणि आजचा काळा. चाळून घेतलेली खरी मातीही चालते, पण ती फार बारीक चाळली पाहिजे, कारण साधा खडासुद्धा या प्रमाणात धोंडा ठरतो. आणि मातीचा रंग रणगाडा कुठे दाखवायचा आहे यावर ठरवावा. पन्हाळ्याकडची तांबडी माती कितीही सुंदर दिसली तरी मध्य युरोपातल्या सोव्हिएत टी-55वर ती शोभणार नाही, आणि 1971 च्या युद्धातला भारतीय टी-55 करायचा असेल तर पंजाब-जम्मूच्या सपाटीची पिवळट राखाडी गाळमाती हवी.

तयार बाटल्यांना सर्वांत चांगला पर्याय गावातच आहे. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या गावात तैलरंगाच्या ट्यूबसाठी वणवण करावी लागत नाही. कॅमलच्या बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि टायटॅनियम व्हाइट या पाच ट्यूबांत रणगाड्याचे सगळे मळणे, विटणे आणि गंजणे सामावते, आणि त्या कितीतरी मॉडेलांना पुरतात. रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून ठेवावा. पुठ्ठा जवसाचे तेल शोषून घेतो, त्यामुळे रंग लवकर आणि मॅट वाळतो. मग सुईच्या टोकाएवढे ठिपके पत्र्यावर ठेवून थिनरच्या ओलाव्याने ते विरवत जायचे. घरच्या भिंती रंगवण्यासाठी मिळणारे टर्पेंटाइन यासाठी वापरू नये. वास उग्र असतोच, शिवाय काही वेळा खालचा थरही मऊ पडतो. चित्रकलेच्या दुकानातले डिस्टिल्ड टर्पेंटाइन घ्यावे आणि तेही आधी टाकाऊ भागावर तपासून पाहावे. तैलरंगाचा तोटा एकच, तो वाळायला वेळ घेतो. पॅनेल लाइनने जे काम एका संध्याकाळी होते, त्याला इथे काही दिवस लागतात.

पावसाळ्यात हा वेळ आणखी वाढतो, आणि मॅट क्लिअरचा स्प्रे तर जून ते सप्टेंबर या काळात भर पावसात मारूच नये. हवेतला दमटपणा थरात अडकला की रणगाड्यावर पांढुरकी झाक येते, आणि मागचे सगळे काम झाकले जाते. उघडीप पाहून, दुपारच्या वेळी, पातळ हात द्यावेत. एअरब्रश वापरणाऱ्यांनी काँप्रेसरच्या पाण्याच्या सापळ्याकडे दर थोड्या वेळाने पाहावे.

या वस्तू मला कोल्हापुरातल्या दुकानांत नियमित मिळालेल्या नाहीत. त्या बाहेरून मागवाव्या लागतात. थिनर, एनॅमल आणि स्प्रे ज्वालाग्राही असल्याने त्यांची पार्सले रस्त्यानेच येतात आणि उशीर लावतात, त्यामुळे किट मागवतानाच पॅनेल लाइन आणि तिचे एक्स-20 थिनर मागवून ठेवावे. एकच बाटली घ्यायची असेल तर डार्क ब्राउन घ्या. वेदरिंग मास्टरपैकी बी संच पुरेसा आहे, आणि तोही आजूबाजूच्या दोघा-तिघांत वाटून घेतला तर वर्षानुवर्षे संपत नाही.