जुनी मोटार घेण्याआधीची तपासणी : तुर्भ्यातील एका गॅरेजची सेवा

वापरलेली गाडी विकणाऱ्याच्याच ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घेण्यात काही अर्थ नसतो. म्हणून तुर्भ्यातील या छोट्या गॅरेजची त्रयस्थ तपासणी मला मोलाची वाटली. मीटरवर जेमतेम चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या, एमएच ४३ (नवी मुंबई) पासिंगच्या गाडीचे क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर पार गुळगुळीत झालेले त्यांनी आधी दाखवले; म्हणजे मीटरवरच्या आकड्यापेक्षा गाडी बरीच जास्त चाललेली असावी. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, तेव्हा एरवी आत गुंडाळलेल्या भागावर वाळलेल्या गाळाचा तपकिरी पट्टा, म्हणजे गाडीत पाणी शिरल्याची खूण, स्पष्ट दिसला, आणि ‘पावसाळ्यात गाडी बाहेर काढलेलीच नाही’ असे छातीठोकपणे सांगणारा एजंट गप्प झाला. टायरवरील चार अंकी आकड्यावरून त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कसे ओळखायचे, हेही त्यांनी समजावले.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र ही सेवा तोकडी पडते. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, शिवाय थकलेली ई-चलने, विम्यातील जुने दावे हे सारे ग्राहकालाच पाहावे लागते. ‘ट्रान्सफरचे नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटला, मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये, एवढे तरी त्यांनी सांगायला हवे होते.

तपासणीचा अहवाल तोंडीच मिळतो. लेखी मिळाला असता, तर भाव पाडून मागताना अधिक उपयोगी पडला असता.